फळी, लाट आणि चित्र

नाशिक रोडच्या बिटको चौकात किंवा दत्त मंदिर रोडला संध्याकाळी फेरी मारली की कॉलेजच्या मुलांच्या अंगावर समुद्र दिसतो. माडाआड मावळणारा सूर्य, फेसाळती लाट, दात विचकणारी कवटी, काळ्या-पांढऱ्या चौकटींचे बूट, एका फटकाऱ्यात लिहिल्यासारखी तिरकी इंग्रजी अक्षरे. यातल्या बहुतेक मुलांनी लाटेवर उभा राहिलेला माणूस फक्त मोबाइलवर पाहिलेला असतो. नाशिक रोड समुद्रसपाटीपासून जवळजवळ 600 मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या अलीकडे. इथली दारणा गोदावरीला मिळते आणि गोदावरी आपल्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. तरी ही चित्रे इथे पोचली आणि रुजली. ती आली कुठून, कोणी काढली, आणि आपल्याकडे किनारा, फळ्या, चित्रकार सगळे असताना त्या जातीचे काम का उभे राहिले नाही, हा प्रश्न गांभीर्याने घेण्यासारखा आहे. कारण गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगाच्या कपड्यांवर, पोस्टरांवर आणि मासिकांच्या पानांवर सर्फिंग आणि स्केटबोर्डिंग या दोन खेळांनी जेवढी छाप पाडली तेवढी फार थोड्या खेळांनी पाडली असेल.

सुरुवात हवाईची. लाटेवर फळी टाकून उभे राहणे ही तिथल्या लोकांची जुनी विद्या. मिशनऱ्यांच्या काळात ती ओसरली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वायकीकीच्या किनाऱ्यावर पुन्हा वर आली. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचे सुवर्ण जिंकणाऱ्या ड्यूक कहानामोकूने पुढे ऑस्ट्रेलियाला जाऊन फळीवरची प्रात्यक्षिके केली आणि तिथे या खेळाची हवा पसरली. हवाईचा म्हणून जो फुलाफुलांचा शर्ट आपण ओळखतो त्याची कुळकथाही अशीच मिश्र आहे: कापड जपानी किमोनोचे, ‘अलोहा’ हे व्यापारी नाव म्हणून 1936 मध्ये नोंदवणारा एलरी चुन हा होनोलुलूचा चिनी वंशाचा दुकानदार, गिऱ्हाईक अमेरिकन पर्यटक. बंदरावर जे जे उतरले ते त्या शर्टात शिवले गेले.

पण या परंपरेचे खरे मूळ शर्टात नाही, फळी घडवणाऱ्याच्या खोलीत आहे. आधी फळ्या भरीव लाकडाच्या आणि जड असत. टॉम ब्लेकने त्या पोकळ केल्या आणि 1935 मध्ये खाली पर बसवला. पुढे बाल्सा आले. 1958 च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचा गाभा वापरात आणला आणि फळी घडवणे हा एका माणसाच्या हाताचा धंदा झाला. ती खोली डोळ्यांसमोर आणून पाहा. भिंती गडद निळ्या. दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर आडव्या ट्यूबलाइट, म्हणजे उजेड फळीवर तिरका पडतो आणि जरासा उंचवटाही सावली टाकतो. मधल्या घोडीवर फोमचा पांढरा ओंडका, त्याच्या पोटातून लांबीला गेलेली लाकडाची बारीक पट्टी. कारागीर रंधा चालवतो, मग जाळीदार सँडपेपर, आणि दर चार हातांनंतर डोळे मिटून कडेवरून तळवा फिरवतो. ज्याच्यासाठी फळी करायची त्याचे वजन, त्याच्या गावच्या लाटेचा उतार, तो डाव्या पायावर जोर देतो की उजव्या, हे सगळे त्या कडेत उतरते. काम झाले की मधल्या पट्टीवर पेन्सिलीने लांबी, रुंदी, जाडी आणि आपली सही. त्यावर काचेचे कापड, वर रेझिन. सही कायमची आत.

या खेळाची पहिली चित्रलिपी म्हणजे ती सही. कॅलिफोर्नियाच्या लगूना बीचला शॉन स्टुसी फळ्या घडवत होता. मार्करने केलेली त्याची ओबडधोबड सही लोकांना इतकी आवडली की 1980 च्या दशकात त्याच सहीचे टी-शर्ट फळ्यांपेक्षा जास्त खपले आणि त्यातून जगभर पोचलेला कपड्यांचा धंदा उभा राहिला. नाशिक रोडला दिसणारी तिरकी अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या घसरत कोणाकडून आली ते विचाराल तर बऱ्याचशा वाटा त्या पेन्सिलीपाशी जातात.

चाकाची गोष्ट याहून खडतर, आणि मला अधिक जवळची वाटते. लाट नसलेल्या दिवशी फुटपाथवर तोच तोल सांभाळायचा म्हणून पोरांनी फळीला रोलर स्केटची चाके ठोकली. चाके धातूची किंवा भाजलेल्या मातीच्या मिश्रणाची; खडा आला की अडकायची आणि पोरगा तोंडावर आपटायचा. 1973 च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दीने युरेथेनची चाके विकायला काढली. ती रस्त्याला धरून राहत. मग 1976-77 मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, बंगल्यांतले पोहण्याचे तलाव कोरडे पडले, आणि पोरांना त्या गोल तळाच्या हौदांत सिमेंटची लाट सापडली. ज्या दुष्काळाला आपण फक्त टँकर आणि चाराछावणीशी जोडतो त्यातून तिकडे एका खेळाला त्याचा आकार मिळाला. लाटेवर जसे खाली झुकून हात पाण्याला लावत वळतात तसे ही मुले सिमेंटला हात लावत वळू लागली.

सांता मोनिकाच्या पडीक भागात, मोडकळीला आलेल्या करमणूक धक्क्याशेजारी, जेफ हो याच्या झेफर दुकानाभोवती जमलेल्या पोरांची ही टोळी. त्यांचा चित्रकार आणि छायाचित्रकार क्रेग स्टेसिक. त्याने किनाऱ्याची पोस्टकार्डे काढली नाहीत. वस्तीतल्या भिंतींवर टोळ्यांनी खरडलेली अक्षरे, गंजलेले खांब, ‘इथे फक्त इथलेच’ असा दम देणाऱ्या पाट्या, हे सगळे त्याने फळ्यांवर आणि मासिकांत आणले. सुंदर किनाऱ्याच्या अमेरिकन चित्राला त्या गल्लीने दिलेले ते उत्तर होते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण हाच: चित्रकाराने मान वळवून आपल्याच भिंतीकडे पाहिले.

पुढच्या दशकात फळीच्या पोटावरचे चित्र हीच एक कला झाली. सात पातळ मेपल पापुद्र्यांची फळी, वर खरखरीत ग्रिप टेप, खाली चित्र. जिम फिलिप्सने 1985 मध्ये काढलेला किंचाळणारा निळा हात आजही टपरीवरच्या स्टिकरांत सापडतो. पॉवेल पेराल्टा या स्केट कंपनीसाठी कोर्टलँड जॉन्सनने काढलेल्या कवट्या आणि तलवारी एका पिढीने वहीत गिरवल्या. ही चित्रे बराच काळ स्क्रीन प्रिंटिंगने छापली जात. प्रत्येक रंगाची वेगळी जाळी, म्हणून रंग मोजके, कडा स्पष्ट, काळी रेघ जाड. त्या शैलीचा जोम तंत्राच्या अडचणीतून आला आहे. आणि पहिल्याच दिवशी मुलगा फळी लोखंडी कठड्यावर घासत नेतो, तेव्हा चित्राच्या मधोमध ओरखडा उमटतो. महिन्याभरात अर्धे चित्र गेलेले असते. अंगणातली रांगोळी पायदळी जाणार हे माहीत असूनही जसा एकेक ठिपका जोडला जातो, तसेच मन लावून हे काम केले जाते. वापरात पुसले जाण्यासाठी काढलेल्या चित्राला एक वेगळाच मोकळेपणा येतो. जपून ठेवायच्या चित्राला तो सहसा येत नाही.

छापील पानाचाही यात मोठा वाटा. जॉन सेव्हर्सनने 1960 मध्ये आपल्या चित्रपटाच्या निमित्ताने ‘द सर्फर’ काढले आणि या खेळाला स्वतःचे मासिक मिळाले. ब्रूस ब्राउनच्या ‘द एंडलेस समर’ या माहितीपटासाठी जॉन व्हॅन हॅमर्सव्हेल्डने केलेले भडक गुलाबी, नारिंगी, पिवळ्या सपाट रंगांचे पोस्टर हे आपल्याकडच्या सूर्यास्ताच्या असंख्य टी-शर्टांचे आजोबा. पण पानाला खरा धक्का दिला तो डेव्हिड कार्सनने. हा पेशाने समाजशास्त्राचा शिक्षक आणि स्वतः नाणावलेला सर्फर. चित्रकलेचे रीतसर शिक्षण जेमतेम. 1980 च्या दशकात ‘ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग’, मग अवघे सहा अंक चाललेले ‘बीच कल्चर’, आणि 1992 पासून संगीताचे ‘रे गन’. ओळी एकमेकींवर चढल्या, शीर्षके कागदाबाहेर सांडली, परिच्छेद कापले गेले. गायक ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून त्याने ती अख्खी चिन्हांच्या टंकात लावून टाकली. संपादकाच्या खुर्चीतून पाहिले तर मला हा अन्याय वाटतो. लेखकाचे शब्द वाचताच येऊ नयेत हे पटत नाही. तरी बाकीच्या पानांत त्याने जे केले त्याचे मूळ लाटेत आहे हे मान्य करावे लागते. लाटेवर आखलेली चौकट नसते, समोर काय उठते त्याप्रमाणे वळावे लागते, आणि त्याची पाने तशी वळतात.

धंदा यात पहिल्यापासून होता आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. व्हॅन्सने 1966 मध्ये ॲनाहाइमला बूट करून तिथल्या तिथे विकायला सुरुवात केली. जाड रबरी तळ फळीला चिकटून राहतो हे स्केट करणाऱ्या पोरांनी शोधले. बुटाच्या रबरी कडेवर पोरे पेनने चौकटी रंगवताना दिसली तेव्हा कंपनीने त्या चौकटी कापडावर छापल्या. गिऱ्हाईकाच्या हातून नक्षी कारखान्यात गेली, ही दिशा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात 1984 मध्ये निघालेल्या माम्बो या कपड्यांच्या कंपनीचे उदाहरण त्याहून चांगले. रेग मोम्बासा या चित्रकाराने माड-सूर्य बाजूला ठेवून सिडनीच्या उपनगरातली कौलारू घरे, अंगणे, तारांचे खांब, तिथल्या माणसांचे विचित्र चेहरे शर्टावर आणले.

मग मोठा पैसा आला. सर्फच्या कपड्यांची क्विकसिल्व्हर कंपनी 2015 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच धंद्यातली बिलाबाँगही शेवटी क्विकसिल्व्हरच्या नव्या मालकांकडे आली, आणि आज ही नावे भाड्याने देणाऱ्या बड्या कंपनीच्या यादीत आहेत. न्यूयॉर्कच्या स्केट दुकानातून 1994 मध्ये सुरू झालेले सुप्रीम 2020 मध्ये 2 अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकले गेले आणि चार वर्षांत दीड अब्जाला पुन्हा हातबदल झाला. फळी घडवणारा माणूस या हिशेबात कुठेच नाही. समुद्रावर प्रेम सांगणाऱ्या या उद्योगाचा गाभा पॉलियुरेथेन, रेझिन आणि निओप्रिनचा आहे, ही अडचणही खरी. फोमचा गाभा आणणाऱ्या गॉर्डन क्लार्कने डिसेंबर 2005 मध्ये आपला फोमचा कारखाना एका दिवसात बंद केला तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक कारागिरांचा कच्चा माल तुटला. विषारी रसायने आणि कायद्याची जबाबदारी ही कारणे त्याने स्वतः दिली होती. बाटल्यांतून आणि रबराच्या झाडातून पर्याय शोधण्याचे काम त्यानंतर वेगाने सुरू झाले.

आपल्या देशात लाटेचा खेळ अलीकडचा. कर्नाटकात मुल्कीला एका अमेरिकन स्वामींच्या आश्रमातून 2004 मध्ये मंत्र सर्फ क्लब निघाला. मुंबईची इशिता मालवीय मणिपालला शिकताना 2007 मध्ये लाटेवर उभी राहायला शिकली. पुढे तिने तुषार पथियनबरोबर कोडी बेंगरे या मच्छीमार गावात शाका सर्फ क्लब चालवला. चेन्नईजवळच्या कोवलममध्ये मूर्ती मेगवन या मच्छीमाराने कोळ्यांच्या पोरांना हाताशी धरले. मंगळूरजवळ ससिहित्लूला 2016 पासून मोठ्या स्पर्धा होऊ लागल्या, आणि ऑगस्ट 2025 मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्य आणले. चाकाच्या बाजूला बंगळूरच्या होलीस्टोक्ड मंडळींनी स्वतःच्या हाताने काँक्रीट ओतून स्केटपार्क बांधले. मध्य प्रदेशात पन्नाजवळच्या जनवार गावात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी 2015 मध्ये पार्क बांधला; शाळेत गेलात तरच फळी मिळेल आणि मुलींना आधी, हे तिथले नियम. राजस्थानात खेमपूरला ‘स्केटर गर्ल’ या 2021 च्या चित्रपटासाठी बांधलेला पार्क गावाकडेच राहिला. आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सुवर्ण घेतले. टोकियोत दोन्ही खेळ ऑलिम्पिकमध्ये आल्यावर सरकारी दप्तरातही त्यांना जागा झाली.

खेळाडू आहेत, मग चित्रे कुठे आहेत? भारतीय सर्फ-शर्टांवर अजून कॅलिफोर्नियाचाच माड उभा आहे, फार तर मध्ये एखादा ॐ किंवा गणपती. गोव्यात परिस्थिती बरी आहे. मारियो मिरांडांच्या रेषेने गोव्याचे बाजार, बलकांव आणि माणसे घराघरांत नेली. कोलवाळच्या वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी लुगड्याची लाल-पांढरी चौकट पुन्हा मागावर चढवली. या दोघांचा फळीशी संबंध नाही, पण किनाऱ्याकडे किनाऱ्याच्याच डोळ्यांनी कसे पाहावे याचा वस्तुपाठ तिथे आहे.

कोकणचा ऐवज याहून मोठा आणि अस्पर्श आहे. हर्णै किंवा मालवणच्या बंदरावर लागलेल्या होड्या पाहा. नाळेवर रंगवलेले देवाचे किंवा आईचे नाव, त्याखाली आयएनडी-एमएचने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ठसठशीत अक्षरांत, डोलकाठीवर पताका, कडेने दोन-तीन रंगांचे पट्टे. हे पट्टे रंगवणारा माणूस वळणदार पृष्ठभागावर सरळ रेघ ओढतो. फळीवर चित्र काढणाऱ्याला नेमके तेच कसब लागते. कोळ्याचा चौकडीचा रुमाल हा व्हॅन्सच्या चौकटीहून जुना आणि रंगाने समृद्ध. सावंतवाडीचे चितारी दशावतारी गंजिफाचे पत्ते रंगवतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, मिळून 120 गोल चित्रे, आणि पहिलाच रंग मत्स्याचा, दुसरा कूर्माचा. कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ, वर रंग, शेवटी लाख. हातात खेळवायच्या वस्तूवर मालिकेने चित्र काढायचे आणि ते झिजेल हे धरूनच काढायचे, ही स्केटच्या फळीची पद्धत सावंतवाडीला शिकवायची गरज नाही.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सामानाची. कोकणात लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या आल्या त्याला बराच काळ लोटला. काचेचे कापड अंथरायचे, रेझिन ओतायचे, रोलरने बुडबुडे काढायचे, सुकल्यावर घासायचे. सर्फच्या फळीचे शेवटचे निम्मे काम हेच आहे. म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या होडी कारखान्यातल्या कामगाराला अर्धी विद्या आजच अवगत आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत एखाद्या कारखान्याने चार फळ्या घडवून पाहिल्या, मान्सून ओसरल्यावर त्या पाण्यात घातल्या, आणि सावंतवाडीच्या चिताऱ्याकडून त्यांच्या पोटावर मत्स्य काढून घेतला, तर किनाऱ्यावरच्या डिझाइन स्टुडिओला लागणारे भांडवल उभे राहते. इंटरनेटवरचे माड गोळा करून ते राहणार नाही.

मग अक्षरांचे काय? इथे मराठीची बाजू फारच भक्कम आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत प्रत्येक नाटकाला स्वतःचे अक्षर दिले. नाव वाचायच्या आधी नाटकाची जात कळायची. र. कृ. जोशींनी देवनागरीचे वळण आणि यंत्र यांची सोयरीक जुळवली. मुंबईच्या एक टाइपने काढलेला ‘बलू’ हा गुबगुबीत टंक आज देशभर पाट्यांवर दिसतो. शिरोरेघेचे काय करायचे हा प्रश्न फळीवर फारच रंगतदार होईल. फळी लांबट आणि दोन्ही टोकांना गोल. शिरोरेघ तिच्या कडेबरोबर वाकवली तर अक्षरे लाटेखाली लोंबतील, मधून लांबीला नेली तर कारागिराच्या लाकडी पट्टीशी एकरूप होतील. हे कोणी करून दाखवल्याचे माझ्या पाहण्यात नाही आणि ते पाहायची मला मनापासून इच्छा आहे.

नाशिक रोडचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. हे गाव छपाईवर वाढले. इंडिया सिक्युरिटी प्रेस 1925 ची, करन्सी नोट प्रेस 1928 ची. देशाची पोस्टाची तिकिटे, स्टॅम्पपेपर, पासपोर्ट आणि नोटा इथून गेल्या. ‘प्रेसमध्ये आहेत’ एवढे म्हटले की इथे ओळख पुरते. नोटेचा कागद भिंगाखाली धरा: पार्श्वभूमीवर एकमेकींत गुंतलेल्या बारीक नागमोडी रेषा, कुठेही न तुटणाऱ्या, एक रंग दुसऱ्यात विरत जाणारा. नक्कल करणाऱ्याचा हात थकावा म्हणून त्या आखलेल्या असतात. लाट रेषेत पकडण्याचे इतके कठोर शिक्षण ज्या गावाच्या रोजीरोटीत आहे तिथल्या पोराने दुसऱ्याची लाट उसनी का घालावी? प्रेसमधले तंत्र अर्थातच बाहेर येणार नाही आणि येऊही नये. पण रंग एकमेकांवर अचूक बसलाच पाहिजे ही शिस्त, चूक झालेला कागद बाजूला काढण्याची सवय, ही घरोघरी पाझरलेली आहे. गल्लीतल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे लग्नपत्रिकेचा गणपती आणि मंडळाचा टी-शर्ट त्याच जाळीतून, त्याच रबरी पट्टीखाली निघतो. चार रंगांच्या चार जाळ्या एका खुणेवर बसवणे त्याला येते. फळी मिळाली तर तो फळीवरही छापील.

उरते ती जागा. सकाळी सपाट मैदानावर चारचाकी स्केट घालून गोल फिरणारी मुले इथे आहेत, शिकवणारे आहेत, पदके आणणारेही आहेत. पण फळीला वळणदार सिमेंट लागते आणि ते बांधणे गवंड्याच्या हाताचे काम आहे: उताराची गोलाई एकाच त्रिज्येची, थापीचा माग न राहिलेला पृष्ठभाग, वरच्या कडेला पोलादी नळी, तळाशी पावसाचे पाणी निघायला वाट. 2027 च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्ते, पूल, घाट यांच्यासाठी प्रचंड काँक्रीट ओतले जात आहे. त्यातल्या एखाद्या उड्डाणपुलाखालची, सावलीतली, आज भंगार गाड्यांनी अडवलेली जागा महापालिकेने या कामासाठी काढून दिली तर खर्च फारसा नाही, आणि बंगळूरच्या मंडळींसारखे बांधून दाखवणारे लोक देशात आहेत. पार्कच्या भिंती मात्र कोऱ्या ठेवाव्यात. रंगवण्याचे कंत्राट काढू नये, घोषवाक्ये लिहू नयेत. पहिल्या वर्षी तिथे जी मुले पडतील, उठतील, त्यांनाच रंग द्यावेत.